तुम्ही विचारलंत म्हणून: ती माणसं तिथून उठून का जात नाहीत?

शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची. आता उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशाबद्दल कुठे बोलायला गेले की मोठी माणसं विचारतात. बर्फ वितळतंय, जमीन खचतेय, घरं नदीत चालली आहेत, हे सगळं ऐकून झालं की मागून कुणीतरी म्हणतंच, "बाई, एवढं आहे तर ती माणसं तिथून उठून दुसरीकडे का जात नाहीत?" निघायच्या घाईत याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

ती माणसं जातच होती. तिथूनच सुरुवात करायला हवी.

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं न्यूटॉक घ्या. तिथल्या मूळनिवासी युपिक लोकांचं, साडेतीनशे वस्तीचं गाव. यांचे पूर्वज बेरिंग समुद्राच्या या काठाला किमान दोन हजार वर्षं राहत आले, पण बारा महिने एका जागी नव्हे. हिवाळ्यात मातीच्या घरांत, उन्हाळ्यात मासेमारीच्या तळावर. सील, मासे, बेरी जिकडे, तिकडे बिऱ्हाड. साधारण १९४९ मध्ये गाव न्यूटॉकला आलं आणि पुढे तिथे सरकारी शाळा उभी राहिली. ही जागा का? तर शाळेच्या बांधकामाचं सामान आणणारी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, नदीतून तिथपर्यंतच जाऊ शकत होती. शाळा आली तसे मुलांसाठी आईबाप थांबले. मग दवाखाना, डिझेलवरची वीज, विमानाची धावपट्टी. फिरतं गाव रुजलं, तेही पाणथळ जमिनीवर, बार्जच्या सोयीने. त्या बार्जचा मला अजून राग येतो.

गावाखालची जमीन म्हणजे वर्षानुवर्षं गोठून घट्ट झालेला चिखल. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापतंय. तो चिखल सुटत गेला. पूर्वी शरद ऋतूतल्या वादळांआधी किनाऱ्याला समुद्राचं बर्फ धरायचं, लाटा त्यावरच अडायच्या. आता ते उशिरा धरतं. गावाशेजारच्या निंग्लिक नदीचा काठ पाहिलात तर वरचं गवत शाबूत दिसतं, खालची माती मात्र निघून गेलेली असते. अंथरुणावरून सतरंजी लोंबावी तशी गवताची जाडजूड पट्टी काठावरून लोंबत राहते आणि एक दिवस घराएवढा तुकडा घेऊन खाली जाते. वर्षाला सरासरी सत्तर फूट. युपिक भाषेत याला 'उस्तेक' म्हणतात: जमीन वितळणं, पुराचं पाणी आणि धूप, तिन्ही मिळून पायाखालचं जाणं. अलास्का राज्याच्या आपत्ती आराखड्यात हा शब्द २०१८ मध्ये आला. गाव तोवर अर्धं आयुष्य तेच सोसत होतं.

आणि गाव गप्प बसलेलं नव्हतं. नदी अडवण्यापेक्षा गाव हलवणं स्वस्त पडेल, असा अहवाल १९८४ मध्येच आला होता. नेल्सन बेटावरची मेर्तार्विक ही जागा गावानेच निवडली, पंधराएक किलोमीटरवर, उंचावर, गोड्या पाण्याच्या झऱ्याजवळ. तिचा ताबा जमिनींच्या अदलाबदलीने मिळाला, त्यासाठी अमेरिकेच्या संसदेत कायदा व्हावा लागला, २००३ मध्ये. खर्चाचा अंदाज होता ८ ते १३ कोटी डॉलर. पैसे देणार कोण? वादळ आलं, भूकंप झाला तर मदतीचं खातं आहे. दररोज थोडी थोडी जाणारी जमीन त्या नियमात बसत नव्हती. राष्ट्रीय आपत्ती जाहीर करा ही गावाची विनंती फेटाळली गेली. पहिली कुटुंबं २०१९ च्या ऑक्टोबरात नव्या गावात गेली, शेवटची २०२४ मध्ये. पहिल्या अहवालापासून चाळीस वर्षं.

"मग अँकरेजसारख्या शहरात जायचं ना," हा पुढचा प्रश्न. माझं सासर कोयनेचं धरणग्रस्त आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सहज घेता येत नाही. भावकी तीन जिल्ह्यांत विखुरली. सासूबाई कुणाच्या मयताला निघायच्या तर पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. पाण्याखाली गेलेल्या शेताबद्दल त्या क्वचित बोलल्या. शेजारणींची नावं मात्र घरं लागायची त्या क्रमाने म्हणून दाखवायच्या. न्यूटॉकच्या लोकांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. जायचं तर सगळ्यांनी, आणि सील, मासे हाताशी राहतील अशा जागी. एकेकट्याने शहर गाठायचा रस्ता त्यांना कधीही मोकळा होता, तरी ते खचत्या काठावर थांबले ते यासाठी.

बाकीच्या गावांना तेवढाही वेळ मिळाला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात हालाँग चक्रीवादळाचा उरलेला जोर त्याच किनाऱ्यावर, किपनुक आणि क्विगिलिंगॉक या गावांवर आला. घरं आतल्या माणसांसकट वाहत गेली. हजाराहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं, शेकडोंना विमानांनी अँकरेजला नेलं, सुमारे ८०० किलोमीटर दूर. तिथल्या एका प्राथमिक शाळेत युपिक भाषेतून शिकवण्याचे वर्ग आहेत. किपनुकची काही मुलं त्या वर्गांत जाऊन बसली.