तुम्ही विचारलंत म्हणून : घरोघरी दोनच लेकरे कशी?

पुण्या-मुंबईकडचे स्नेही यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आले की हमखास विचारतात, "तुमच्या आजीला आठ लेकरे होती, मग आता घरोघरी दोनच कशी? सरकारने सक्ती केली म्हणून का?"

सक्तीचा प्रयत्न झाला, हे खरे. १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पुढे सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक बंद झाली. पण निवडणुकीला उभे राहणारे गावात असतात किती? इतरांचा हिशेब सातबाऱ्यावर दिसतो. राज्यातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. आमच्या उताऱ्यावर आजोबांच्या एका नावाच्या जागी काका, आत्या आणि चुलतभाऊ अशी रांग लागली आहे. वावर मात्र तेवढेच.

पूर्वी दहा वर्षांची पोर कमरेला ओटी बांधून आईबरोबर कापूस वेचायला जाई आणि संध्याकाळी तिचाही कापूस काट्यावर चढे. एसटीचा मोफत पास हाती आल्यावर तीच पोर तालुक्याच्या शाळेत जाऊ लागली, तिचे लग्न चार-पाच वर्षे लांबले आणि घरात मजुरी आणणारे लेकरू घरातून फी नेऊ लागले.

माझ्या मते मात्र सर्वांत मोठे कारण लेकरे जगू लागली, हे आहे. आजीच्या आठांपैकी तीन गेली. त्यामुळे एखादे जास्तीचे असावे, हा तिचा विचार अडाणीपणाचा नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, लसी आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. २०२० मध्ये राज्यात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६ वर्षाच्या आत दगावत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ मध्ये २.९ होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ झाली.

याचा भार कोणी उचलला, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याच सर्वेक्षणात राज्यातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे, पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण शेकडा एकही नाही. मुलग्याची अटही सुटलेली नाही. जनगणनेनुसार राज्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. दोन मुलींनंतर "आणखी एकदा पाहू" म्हणणारी सासू आमच्याकडे अजून आहे. दोन मुलग्यांनंतर तसे म्हणणारी मी पाहिलेली नाही.