ॲल्युमिनियमच्या होडीतलं लाकूड : माझा अनुभव

चौदा फुटी ॲल्युमिनियम होडीत लाकूड मुख्यतः दोन ठिकाणी. एक बसायची बाकं, दुसरं ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची मागची पाटी. बाक खराब झालं की दिसतं. ट्रान्सममधलं प्लायवूड मात्र पत्र्याआड कुजतं आणि वरून होडी ठणठणीत.

इकडे मिनेसोटात होडी हिवाळाभर बाहेरच असते. एप्रिलमध्ये ताडपत्री काढली की पेचकसाच्या मुठीने पाटीवर ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर एक बोल्ट काढून भोकात दाभण घालायची. यंदा ती सरळ आत गेली, बाहेर आला काळा ओला भुसा. त्याआधी इंजिनाचे क्लॅम्प दर खेपेला थोडे जास्तच आवळावे लागत होते. खूण तीच होती.

वरच्या पट्टीचे रिव्हेट ड्रिलने उडवले. जुनी फळी जमेल तितकी अखंड काढावी, तोच नव्या फळीचा साचा. जाडीही तिचीच मोजावी. माझी दीड इंच निघाली.

दुकानात पाण्यासाठी म्हणून प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड पुढे करतात. ते अजिबात नको. त्यात तांब्याचे क्षार असतात, ओलं झालं की ते ॲल्युमिनियम खातात आणि पत्र्याला टाचणीएवढी भोकं पडतात. मी पाऊण इंची मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचं प्लायवूड) दोन तुकडे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या रेझिनने, चिकटवले; ते घट्ट व्हावं म्हणून त्यात सिलिकाची पूड घातली. क्लॅम्प बेतानेच आवळायचे, नाहीतर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो.

खरं काम भोकांचं, कारण पाणी तिथूनच शिरतं. ३/८ इंची बोल्टसाठी आधी ५/८ इंची भोक पाडलं, खालून टेप लावून घट्ट इपॉक्सीने भरलं आणि वाळल्यावर मधोमध ३/८चं भोक घेतलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. तळाच्या निचऱ्याच्या भोकालाही हेच.

मग सगळ्या फळीला पातळ इपॉक्सीचे तीन हात. कडा पहिला हात पिऊन टाकतात, तिथे चौथा द्यावा. रात्र उलटली असेल तर वर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुवायचा, मग सँडपेपर. न धुता पुढचा हात दिला तर सालपटं निघतात. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून उघड्या भागावर रंग.

बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वायसर आणि पॉलीयुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर पुन्हा रंग धरत नाही. आवळताना नट फिरवावा. बोल्टचं डोकं फिरवलं की सीलंटचा थर फाटतो.

बाकांना स्पार व्हार्निश, म्हणजे ऊन-पाणी सोसणारं व्हार्निश. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे चार जसेच्या तसे, मध्ये २२० नंबरचा पेपर. खालची बाजूही तितकीच रंगवायची. ती कोरी राहिली तर फळी एकाच बाजूने पाणी पिते आणि पन्हाळीसारखी वाकते.