तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या जमिनीत आमचा हिस्सा उरला आहे का?

ओळखीचे लोक, आणि हल्ली त्यांच्याही ओळखीचे लोक, मला एकच प्रश्न विचारतात. ‘वडील मुंबईला आले, गावी राहिलेल्या काकांनी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली, आता आमचा हिस्सा उरला आहे का?’ मी वकील नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्याच जमिनीचा असा गुंता सोडवण्यात माझी नऊ वर्षे गेली, एवढाच माझा अधिकार आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हिस्सा बहुतेक वेळा उरलेला असतो. मात्र काकांनी जमीन ‘गिळली’ हा शब्द जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलांच्या नोंदी) वाचून होईपर्यंत तोंडातून काढू नये. मी तो काढला होता, आणि त्यापायी दोन गणपती आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही.

आमचे आजोबा कूळ होते, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसत होते. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला ‘कृषक दिन’. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. किंमत ठरवण्याची सुनावणी, म्हणजे जिला त्या कायद्यातल्या कलमावरून गावात अजूनही ‘बत्तीस ग’ म्हणतात ती, पुढे सवडीने होत असे, आणि आमची १९६४ मध्ये झाली. तोवर आजोबा वारले होते. वडील लालबागला गिरणीत होते, दोन्ही आत्या सासरी होत्या, तहसीलदारापुढे हजर राहायला गावात एकटे काकाच होते. साहजिकच खरेदीचे प्रमाणपत्र त्यांच्या नावाने निघाले आणि त्यावरून सातबाराही त्यांच्याच नावाने लागला. यात लबाडी नव्हती. कचेरीने समोर उभा असलेल्या माणसाचे नाव लिहिले, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे आमच्यापैकी कोणीही तलाठ्याकडे जाऊन आजोबांना आणखी तीन वारस आहेत असे सांगितले नाही.

महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी भूसंपादनाची नोटीस निघाली आणि तिच्यात फक्त काकांच्या मुलांची नावे दिसली, तेव्हा आम्हाला जमीन आठवली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनाही जमीन अशीच आठवलेली असते: कधी रस्ता येतो, कधी बाजूच्या कातळावर कुणी प्लॉट पाडतो. मी तावातावाने गावी गेलो तेव्हा चुलतभाऊ पडवीत बसूनच म्हणाला, “दादा, चोपन वर्षां सारो कोणी भरल्यान?” गडगे कोणी घातले, वानरे कोणी हाकली, हे त्याने विचारले नाही, आणि विचारले असते तरी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कायदा मात्र शेतसाऱ्याच्या पावतीवरून मालक ठरवत नाही. सातबारा हा महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यावर नाव लागल्याने मालकी जन्माला येत नाही आणि नाव न लागल्याने ती मरत नाही, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. बारा वर्षे ताबा राहिला की जमीन त्याची झाली, ही पारावरची समजूत भावकीत तर फारच थोडी लागू पडते, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांच्या वतीने आहे असे धरले जाते आणि त्याने इतरांचा हक्क उघडपणे नाकारून ताबा ठेवल्याचे सिद्ध झाल्याखेरीज ती मुदत सुरूच होत नाही. आमच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच होता, की हे कूळपण आजोबांचे होते की काकांचे? काकांनी वेगळे, स्वतःच्या बळावर कूळ म्हणून जमीन कसली असती, तर आम्हाला गप्प घरी बसावे लागले असते.

त्याचे उत्तर काकींच्या स्वयंपाकघरात सापडले. वडिलांनी मुंबईहून पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या पोस्टाच्या पावत्या आमच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात होत्या, पण पावतीवर रक्कम असे, कारण नसे. कारण लिहिलेले असे ते खालच्या कुपनावर, आणि ते कुपन पोस्टमन पैसे घेणाऱ्याच्या हातात देत असे. काकींनी ती सगळी कुपने वाशाला टांगलेल्या तारेत ओवून ठेवली होती. धुराने काळवंडलेली, कडा कुरतडलेली. त्यांतल्या तेवीस कुपनांवर वडिलांच्या मोडी वळणाच्या अक्षरात ‘बाबांच्या कुळाचा हप्ता’ असे लिहिलेले होते, म्हणजे कूळपण आजोबांचेच होते. अर्धा पुरावा मुंबईत आणि अर्धा गावात असा पडून होता, आणि दोन्ही घरे आपापला अर्धा घेऊन भांडत होती. चुलतभावाने ती कुपने वाचली आणि वकील बदलण्याऐवजी चहा सांगितला.

यानंतरची खोड आमच्याच बाजूची आहे. काकांनी आम्हाला वगळले म्हणून हिंडून तक्रार करणारे आम्ही, आत्यांना मात्र सहज वगळत होतो. ‘त्या कशाला मागायला येतात’, असे माझे सख्खे भाऊच म्हणाले. मुलीला बापाच्या मिळकतीत वारसहक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने मिळणारा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. तरीही कित्येक सातबाऱ्यांवर बहिणींची नावे कब्जेदारांत न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली तुम्हाला दिसतील. बहिणीने खरोखरच हिस्सा सोडला असेल तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र लागते. लग्नाच्या जेवणावळीत ‘मला काही नको’ म्हटल्याने काही होत नाही. आमच्या धाकट्या आत्याने तर सही करायला साफ नकार दिला, आणि मला मनातून बरे वाटले.

वाटणीला सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हक्काबद्दलच वाद निघाला तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते, आणि तिथे हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणजे निकालानंतर पुन्हा मोजणी आणि पुन्हा वर्षे. आम्ही पहिली वाट धरली. आजोबांच्या चार मुलांचे चार समान वाटे कबूल केले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र केले, मृत्यूचे दाखले गोळा केले (हेच सर्वांत चिवट काम, १९६१ चा एक दाखला मिळवायला सात महिने गेले), आणि सातबाऱ्यावरची तीन नावे एकोणीस झाली. ११२ गुंठ्यांतले २८ वडिलांच्या वाट्याला आले. आम्ही चौघे भावंडे, म्हणून माझे ७ गुंठे. पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढा लहान तुकडा शेतजमिनीतून वेगळा काढता येईना, म्हणून ते २८ गुंठे आम्हा भावंडांत पुन्हा सामाईकच राहिले आहेत.

मोजणीचे खुंट ठोकून झाले त्या संध्याकाळी मी कुपनांचा गठ्ठा काकींना परत नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तेवीसच्या तेवीस मोजून घेतली आणि एकेक करून पुन्हा त्याच तारेत ओवली.