मागची भिंत

मे महिन्यात आमच्याकडे कौलं परतायची. माझे बाबा सुतार, त्यामुळे गावात कुणाचंही छप्पर उघडलं की कुजलेली रीप, वाळवी लागलेला वासा बदलायला त्यांना बोलावणं यायचं आणि टेपचं दुसरं टोक धरायला मला. एका वर्षी आमच्याच घराची एक बाजू पूर्ण उघडी होती. मी आढ्याजवळ बसून खाली बघितलं. ओटी, माजघर, देवाची खोली, स्वयंपाकघर, सगळं एकाच वेळी दिसत होतं. आई चुलीपुढे, आजोबा ओटीवर, मधे दोन भिंती, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

आठवीत स्मरणचित्राच्या तासाला मी तेच काढलं. बाकीच्या वर्गाने नेहमीप्रमाणे दोन डोंगर आणि मधे सूर्य काढला होता. चित्रकलेचे सर माझ्या बाकाजवळ थांबले.

"ही मागची भिंत पुढच्याएवढीच का रे?"

"सर, ती तेवढीच आसा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मोजलीस?"

"हो. बारा फूट. फुटाला एक सेंटिमीटर धरलाय."

"एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला असं काढू नकोस, तिथे लांबचं लहानच काढायचं. पण हे चुकलेलं नाही. तू डोळ्याने न काढता टेपने काढलंयस."

दुसऱ्या दिवशी ते तीस-साठचा गुण्या घेऊन आले. अभ्यासक्रमात ते आम्हाला अजून यायचं होतं, घनभूमिती इंटरमिजिएटला. त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ मारली, तिच्या पायथ्यापासून डावीकडे आणि उजवीकडे तीस-तीस अंशांवर एकेक तिरपी रेघ, आणि तिन्हींवर सारखंच माप घेऊन खोका पुरा केला. समांतर कडा शेवटपर्यंत समांतरच, कुठे मिळायच्या नाहीत. म्हणाले, हे आयसोमेट्रिक. मग त्यांनी झाकलेल्या कडाही काढल्या. बारा कडा पुऱ्या झाल्या तेव्हा खोका गेला आणि फळ्यावर एक षट्कोन आणि त्याचे तीन कर्ण तेवढे उरले, कारण जवळचा कोपरा आणि लांबचा कोपरा नेमके एकाच बिंदूवर येतात. अर्धा वर्ग म्हणाला खोका आहे, अर्धा म्हणाला फरशीची नक्षी आहे. जे खोका म्हणत होते त्यांच्यातही कुठला कोपरा पुढे यावरून भांडण जुंपलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. आमच्या शाळेत हे एरवी फक्त पी.टी.च्या तासाला व्हायचं.

त्या पद्धतीवर केंब्रिजच्या विल्यम फॅरिश या प्राध्यापकांनी १८२२ मध्ये निबंध लिहिला होता, हे मला पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करताना कळलं. ते वर्गात यंत्रांची मॉडेलं जोडून दाखवत आणि पुन्हा मोडून ठेवत. मदतनिसाला ती परत जोडता यावीत म्हणून त्यांना अशी चित्रं लागत. सुंदर दिसण्यासाठी नव्हे, जोडण्यासाठी. तत्त्वाने पाहिलं तर आयसोमेट्रिकमध्ये तिन्ही बाजू खऱ्या मापाच्या सुमारे ८२ टक्के दिसायला हव्यात. पण तिन्ही सारख्याच आखडतात, म्हणून आम्ही पट्टीवरचं पुरं माप टाकतो आणि चित्र किंचित मोठं दिसलं तर दिसू देतो. वर्तुळ मात्र लंबवर्तुळ होतं, आणि ते हाताने काढताना भल्याभल्यांची बोटं अडखळतात.

बाबा प्लायवूडच्या तुकड्यावर गिऱ्हाइकाला कपाट काढून दाखवत तेव्हा दर्शनी बाजू खऱ्या मापाची आणि खोली तिरपी, निम्मी. कुणी शिकवलं नव्हतं. या पद्धतीला कॅबिनेट प्रोजेक्शनच म्हणतात, असं मी सुट्टीत घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "कपाटाच्या चित्राक कपाटच म्हणतत? मगे तेका शाळा कित्याक व्हयी?"

पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात लागल्यावर एका पुस्तकात डच चित्रकार टेओ फान डुसबुर्ग आणि आर्किटेक्ट कॉर्नेलिस फान एस्टेरेन यांची १९२३ ची, पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली घरांची चित्रं दिसली. नकाशा वळवून ठेवलेला, त्यावरून भिंती सरळ वर उचललेल्या. भिंती म्हणजे लाल, पिवळे, निळे सपाट पत्रे, खाली जमीनसुद्धा नाही, घर हवेत. बघणारा कुठे उभा आहे तेच सांगता येत नाही. मला ते चटकन आपलं वाटलं, कारण मी तिथे बसलो होतो, आढ्यावर. जपानी चित्रकारांनी तर बाराव्या शतकातच गेंजी या राजपुत्राच्या जुन्या कथेची चित्रं काढताना घरांची छपरं काढून टाकली होती. आत कोण रडतंय ते तिरपं वरून दिसावं म्हणून. त्यांनाही पावसाआधी कौलं परतावी लागत असतील का, असा विचार मनात येऊन गेला.

आता ऑफिसात संगणकावर संध्याकाळच्या उन्हातली गोड चित्रं होतात. गिऱ्हाइक त्यावर भाळतं. त्यात समोरचा सोफा गादीएवढा आणि मागची खिडकी काडेपेटीएवढी. पण साइटवर सुताराच्या हातात ते चित्र द्या बघू. तो पाठीमागे पेन्सिलीने आपलं तिरपं कपाट काढून घेतो.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी सरांनी माझं ते चित्र परत दिलं. दोन वर्षं त्यांच्या कपाटात होतं. सर आता नाहीत, आणि आमचं घरही. गेल्या वर्षी ते पाडून स्लॅबचं बांधलं. पाडायच्या आधी भावाने फोन केला, जुन्या माजघराची मापं कुठे आहेत का? मी ते चित्र काढलं, टेबलावर पसरलं, पट्टी लावली. पुढची भिंत बारा सेंटिमीटर, बरोब्बर. मागची अकरा पूर्णांक आठ.