कुशीवर पडणारा मासा

साताऱ्यात माझे गळ, रॉड आणि रिळांचे छोटे दुकान आहे. गेल्या डिसेंबरमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी सात इंच लांबीचा, सुमारे 80 ग्रॅम वजनाचा रबरी मासा घेतला, तेव्हा मोठ्या ल्यूरला, म्हणजे अशा नकली आमिषाला, वेगवान रीळच हवे असे ठामपणे सांगून मी 7.3:1 गुणोत्तराचे (हँडलच्या एका फेऱ्यात दोऱ्याची चकरी 7.3 वेळा फिरणारे) रीळही त्यांच्या गळ्यात मारले. पंधरा दिवसांत सर तक्रार घेऊन आले: “मरळ मागे येते, पण तोंड लावत नाही. तुझा मासाच खोटा आहे.”

रविवारी, जलाशयाचा ठेका असलेल्या संस्थेची परवानगी काढून, आम्ही उरमोडी धरणाच्या फुगवट्याच्या काठी गेलो. सरांनी फेकलेला मासा काठाजवळ आला तेव्हा नितळ पाण्यात दिसले की तो पोहतच नव्हता. शेपटीची फडफड थांबली होती आणि पांढरे पोट दाखवत तो कुशीवर घसटत येत होता. चूक माझी होती. रिळाच्या दोरा गुंडाळलेल्या भागाचा व्यास 35 मिलिमीटर धरला, तर सरांच्या रिळावर हँडलच्या एका फेऱ्यात 80 सेंटिमीटर दोरा येतो. माझ्या जुन्या 5.3:1 च्या रिळावर 58 सेंटिमीटरच. लहान ल्यूर ओढण्याच्या सवयीने सरांचा हात भराभर फिरत होता आणि एवढ्या मोठ्या अंगावर पाण्याचा रेटा येऊन माशाचा तोल जात होता. शिवाय वेगवान रिळावर जड ओढ हाताला आणखी जड लागते. मनगट दुखत असल्याचे सरांनी नंतर कबूल केले.

मी वावभर दोरा सोडून मासा काठालगत ओढून पाहिला. शेपटी नुकती हलू लागते तो एक वेग, कुशीवर पडतो तो दुसरा; ओढायचे ते या दोहोंच्या मध्ये. (हे विकण्यापूर्वी दुकानामागच्या हौदातच करायला हवे होते.)

मग सरांनी जुने रीळ लावलेल्या माझ्या रॉडने फेक केली, मासा थोडा बुडू दिला आणि सावकाश ओढायला घेतला. काठ जवळ आला तशी मागे काळी सावली दिसली आणि सरांचा हात आपोआप थांबला. मीही नवखा असताना असाच थांबत असे. पण मरळ पाठीशी असताना कोणता मासा उभा राहतो?

“सर, थांबू नका, दोन फेरे झटक्यात घ्या!”

दुसऱ्या फेऱ्याला पाणी उसळले आणि रॉड वाकला. मिनिटभरात मरळ बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत शिरली व दोरा तुटला. सर हसत होते.

रीळ मी आपणहून बदलून दिले. नवा रबरी मासा मात्र त्यांनी पैसे मोजून घेतला आणि गल्ल्यासमोरच विचारले, “हौदात ओढून पाहिलास का?”