पवनीची टेकडी आणि मुचलिंद नाग

भिवापूर मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. पौषातील त्या सकाळी कापणी होऊन गेली होती, ठिकठिकाणी धानाचे पुंजणे रचलेले होते आणि एस.टी.च्या खिडकीतून थंड वारा येत असूनही आईने काच लावू दिली नाही. 1956 च्या अशोक विजयादशमीला, म्हणजे 14 ऑक्टोबरला, सहा वर्षांची असताना ती आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती. त्यानंतर तिने बोधगया पाहिली, सारनाथ पाहिले; मात्र घरापासून दोन-अडीच तासांवर असलेली भंडारा जिल्ह्यातील पवनी पाहायची राहून गेली होती. आमच्या घरी पवनीचा उल्लेख नेहमी वैनगंगेच्या घाटांमुळे आणि देवळांमुळे होई. तिथे स्तूप आहे, हे मला स्वतःलाही फार उशिरा कळले.

गावात शिरताना जुना तट आणि खंदक दिसतो. तीन बाजूंनी तट-खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी या प्राचीन नगराची रचना होती. जगन्नाथ टेकडी चढताना वाट दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी आईला सांगितले, "वरतं देऊळ हाये बाई, अन् बुद्धाचं सारं खाली हाये." पवनीचा इतिहास याहून थोडक्यात सांगता येईल, असे मला वाटत नाही. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा या टेकडीच्या पोटात विटांचा भव्य स्तूप असल्याचे सिद्ध झाले. जवळच्या चांडकापूरच्या हरदोलाला टेकडीतही दुसरा स्तूप निघाला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे कोरीव स्तंभ मिळाले, त्यांवर ब्राह्मी लिपीतील लेख मिळाले. भरहुत आणि सांची यांच्या परंपरेतील हे काम इसवी सनापूर्वीच्या शतकांतले आहे. अजिंठ्यातील वाकाटककालीन लेण्यांच्या कितीतरी आधीचे.

ती शिल्पे आज टेकडीवर नाहीत, ती संग्रहालयांत गेली आहेत. म्हणून पाहणाऱ्याने आधी थोडे वाचून जावे, अन्यथा हाती केवळ विटा आणि गवत लागते. मी उत्खननाच्या अहवालातील छायाचित्रे पाहून गेलो होतो. त्यांतील एका शिल्पापाशी मी अनेक दिवस थांबलो होतो, ते म्हणजे मुचलिंद नागाचे. संबोधीनंतरच्या आठवड्यांत अवेळी पाऊस लागला, तेव्हा या नागराजाने भगवंतांभोवती वेटोळे घालून वर फणा धरला, अशी कथा आहे. बुद्धांना मानवी रूपात दाखवण्याची प्रथा अजून पडलेली नव्हती, त्या काळातील हे काम. आणि पाहणाऱ्याला ओळख पटावी म्हणून शिल्पकाराने नागाचे नावही दगडावर कोरून ठेवले आहे.

विटांच्या त्या वर्तुळाकडे पाहताना मला बाबासाहेबांचे 15 ऑक्टोबर 1956 चे नागपूरचे भाषण आठवले. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे सांगताना भारतात बुद्धधम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, असे ते म्हणाले होते. त्याआधी दोन वर्षे, 1954 मध्ये, त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि त्यांचा पराभव झाला. त्या वेळी याच जिल्ह्यात, याच टेकडीच्या परिसरात नागराज मुचलिंद आपल्या नावासह मातीखाली होता. बाबासाहेबांच्या हयातीत तो वर आला असता तर, हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही. माझ्या आजोबांच्या पिढीला 'तुम्ही नवे बौद्ध' असे वारंवार ऐकवले गेले. त्यांच्या पायाखालचा धम्म किती जुना होता, हे त्यांना कोणी दाखवले नव्हते.

आईने मेणबत्ती लावली आणि आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. मग मी तिला विसमिता नावाच्या दात्रीचा लेख वाचून दाखवला. तिने दिलेल्या दानाची नोंद करून पुढे लिहिले आहे, 'सुखाय होतु सवसतानं', सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो. आईने ते दोनदा म्हणवून घेतले. "आपण तर हेच म्हणतो की रे," ती म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

दुपारी आम्ही रुयाडच्या महासमाधीभूमीवर गेलो. भदंत संघरत्न माणके यांच्या पञ्ञा मेत्ता संघाने जपानी उपासकांच्या सहकार्याने उभारलेला तेथील महास्तूप विस्तीर्ण आणि नीट राखलेला आहे. फेब्रुवारीतील धम्ममहोत्सवाला येथे मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी मात्र आवारात आम्ही आणि शाळेची एक सहल एवढेच होतो. मुले रांगेने प्रदक्षिणा घालीत होती, आणि त्यांच्या शिक्षिका त्यांना हलक्या आवाजात स्तूपाचे भाग समजावून सांगत होत्या. त्या मुलांना इथून चार-पाच किलोमीटरवरच्या टेकडीवरही नेले असेल का, हे विचारायचे माझ्या मनात होते. पण तोवर त्यांची बस निघाली.

परतीच्या एस.टी.त आईने पिशवीतून आपली वंदनेची पुस्तिका काढली, शेवटचे कोरे पान उघडले आणि माझ्यापुढे धरले. गाडीच्या हिसक्यांत अक्षर वाकडे होत होते, तरी तिने विसमिताचे नाव आणि ते तीन शब्द माझ्याकडून लिहून घेतले.