१२-पल्स टीआरयूमधला २४०० हर्ट्झ रिपल : माझा अनुभव

विमानातल्या ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, थ्री फेज सप्लायपासून २८ व्होल्ट डीसी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायर युनिटचा, म्हणजे टीआरयूचा, एक प्रोटोटाइप बेंचवर सुधारायचं काम माझ्याकडे आलं होतं. साधा ६-पल्स ब्रिज (सहा डायोडचा रेक्टिफायर, एसीच्या एका सायकलमधे सहा उंचवटे देणारा) घेतला तर २८ व्होल्टवर पीक-टू-पीक साधारण ४ व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली लहर) येतो, म्हणजे सरासरीपासून खाली अडीच व्होल्टच्या वर, आणि मिल-स्टँडर्ड-७०४ या विमानातल्या विजेच्या अमेरिकी लष्करी मानकात सरासरीपासून १.५ व्होल्टचीच मर्यादा आहे, म्हणून ट्रान्सफॉर्मरची एक सेकंडरी वाइंडिंग स्टार जोडणीची, एक डेल्टा, मधे ३० अंशांचा फरक, दोन ब्रिज पॅरलल, असं १२-पल्स केलेलं. हिशोबाने रिपल फक्त ४८०० हर्ट्झचा (४०० × १२) दिसायला हवा. स्कोपवर एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या दाखवणारं गणित) लावला तर २४०० हर्ट्झ, म्हणजे एकेका ६-पल्स ब्रिजचा रिपल, ठळक उभा!

मी आधी सरळ मोठा कपॅसिटर टाकला. रिपल खाली आला खरा, पण इनपुट करंट एकदम टोकदार झाला, हार्मोनिक्स (४०० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या फ्रिक्वेन्सी) वाढले आणि स्विच ऑन करताना इनरश, म्हणजे करंटचा सुरुवातीचा झटका, वेगळाच, म्हणजे डीसी बाजूची घाण मी नुसती एसी बाजूला ढकलली होती. तो काढला. मग डायोडवर संशय, सगळे बदलले, काही फरक नाही, चार दिवस गेले.

शेवटी दोन्ही ब्रिजच्या आउटपुटला वेगवेगळे करंट प्रोब लावले आणि तिथे कळलं, डेल्टावाला ब्रिज जवळपास दोनतृतीयांश लोड एकटाच ओढत होता. कारण टर्न्समधे होतं. डेल्टाला स्टारच्या १.७३२ पट टर्न्स लागतात, पण २८ व्होल्टच्या सेकंडरीला टर्न्स मोजकेच असतात, आमचे ४ आणि ७, म्हणजे १.७५. फरक १ टक्काच, पण वाइंडिंगचा रेझिस्टन्स इतका कमी की पाव व्होल्टसुद्धा करंट पार एका बाजूला नेतो. त्या असमान डीसीने इंटरफेज ट्रान्सफॉर्मरचा (दोन ब्रिजचे आउटपुट जोडून त्यांच्यातला क्षणिक व्होल्टेज फरक झेलणारा) कोअर सॅच्युरेट होत होता, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठून निकामी होत होता, आणि दोन ब्रिजचे २४०० हर्ट्झ एकमेकांना कापायचे ते कापतच नव्हते.

११ आणि १९ टर्न्स घेतले असते तर गुणोत्तर छान जुळतं, पण जाड तांब्याची पट्टी कोअरच्या खिडकीत मावेना आणि वजनही वाढतं, जे विमानात कोणी मान्य करत नाही. म्हणून डेल्टा ब्रिजची लीड थोडी लांब ठेवली, म्हणजे तिचा रेझिस्टन्स किंचित वाढतो, आणि इंटरफेजच्या कोअरमधे पातळ इन्सुलेशनचा कागद घालून गॅप दिला. दोन्ही करंट बऱ्यापैकी जवळ आले, २४०० चा खांब नॉइजच्या जरा वर एवढाच उरला, मला त्या दिवशी फार आनंद झाला!

मग ८०० हर्ट्झची एक छोटी रेघ दिसायला लागली, आधी ती मोठ्या रिपलमागे लपलेली असणार. ८०० म्हणजे सप्लायच्या दुप्पट, म्हणजे फेज अनबॅलन्स, तेव्हा यावेळी टीआरयूला हात न लावता आधी सोर्सच तपासला. एका फेजवर दुसऱ्या टेस्टचा सिंगल फेज लोड जोडलेला राहिला होता, तो काढला आणि रेघ गेली.